कोळसा टाकला तरी गाळाचा ढीग नाकात का झोंबतो, आणि वास गेल्यावरही काय सुटत राहतं?

तक्रार बहुतेक ठिकाणी सारखीच असते. सांडपाणी प्रकल्पातला गाळ पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळल्या झाडांच्या) चुऱ्यात मिसळून कंपोस्ट खतासाठी ढीग लावला. कुठंतरी वाचलं म्हणून बायोचारच्या, म्हणजे काडीच्या कोळशाच्या, चार गोण्याही टाकल्या. दोन-तीन दिवस सगळं ठीक. मग ढीग तापला, पहिली पलटी मारली आणि जेसीबीवाल्यासकट सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी. वरून आणखी कोळसा पसरला, वास बसला. पुढच्या पलटीला पुन्हा तेच. "कोळसा टाकलो तरी वास यायलाय की, साहेब," असं यार्डवरचा माणूस म्हणतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

दुसरी तक्रार कुणी करतच नाही, कारण ती नाकाला कळत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वास गेलेला असतो, ढीग थंडावत आलेला असतो, सगळे खूश असतात. नेमका त्याच काळात नायट्रस ऑक्साइड सुटायला लागतो. कोळसा टाकण्यामागचा हेतू हरितगृह वायू कमी करण्याचा असेल, तर नाकावर विसंबून चालणार नाही. अमोनिया झोंबतो, पण तो स्वतः हरितगृह वायू नाही. मिथेनला वासच नाही. नायट्रस ऑक्साइड ढिगाजवळ ज्या प्रमाणात असतो त्या प्रमाणात कुणाच्याही लक्षात येत नाही.

आकडा कळावा म्हणून सांगतो. आयपीसीसीच्या (हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या) मार्गदर्शक तत्त्वांत कंपोस्टिंगसाठी धरलेले सरसकट आकडे असे आहेत: एक किलो ओल्या कचऱ्यामागे ४ ग्रॅम मिथेन आणि ०.२४ ग्रॅम नायट्रस ऑक्साइड. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २७ पट आणि नायट्रस ऑक्साइड २७३ पट धरला, तर एका टन ओल्या मालामागे सुमारे १७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार होतो. ढीग नीट लावला तर हा आकडा बराच खाली येतो, बेफिकिरीनं लावला तर वर जातो. गाळासारख्या चिकट, नत्रानं भरलेल्या मालात वर जाण्याचीच भीती जास्त.

आधी ढीग कापून बघा

कोळशाला दोष देण्याआधी ढिगाचा एक काप घ्या. पलटीच्या दिवशी जेसीबीनं एका टोकाकडून उभा काप मारायला सांगा आणि फावडं घेऊन समोर उभं राहा. बाहेरचा वीतभर थर आपल्याकडच्या उन्हानं आणि वाऱ्यानं कोरडाठाक, राखाडी पडलेला असतो. त्याच्या आत पांढुरकी जाळी धरलेला, वाफाळणारा तपकिरी पट्टा. हा चांगला भाग. त्याच्याही आत, तळाकडे, काळपट चकाकणारा गाभा दिसला आणि तिथून नालीसारखा किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला, तर तिथं हवा पोचलेली नाही. मिथेन तिथूनच येतो.

त्यातला गाळाचा एक गोळा उचला (हातमोजे घालून, हा गाळ आहे हे विसरू नका) आणि फोडा. बाहेरून तपकिरी, आतून निळसर काळा आणि गार निघाला तर समजा की मिसळणीच झालेली नाही. सेंट्रिफ्यूज किंवा बेल्ट प्रेसमधून पाणी पिळून येणारा गाळ, म्हणजे केक, त्यात घातलेल्या पॉलिमर रसायनामुळे चिकट असतो, त्याचे लाडवाएवढे गोळे होतात. ढिगाला हवा मिळाली तरी गोळ्याच्या आत ती शिरत नाही. बाहेर कितीही कोळसा फासा, आतल्या काळ्या भागाला त्याचा पत्ताही लागत नाही.

वासांची ओळख इथं उपयोगी पडते. डोळे चुरचुरणारा, मुतारीसारखा वास म्हणजे अमोनिया, म्हणजे नत्र जास्त आणि पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) चढलेला. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हवा कमी. पहिल्यावर उपाय कार्बन (म्हणजे काडी) आणि कोळसा, दुसऱ्यावर भरड काडी आणि पलटी. दोन्ही एकदम येत असतील तर आधी दुसरा निस्तरा. कोंडलेल्या ढिगात कोळसा टाकणं म्हणजे सामान वाया घालवणं.

प्रकल्पावर मॅनहोलमध्ये उतरण्याआधी वापरायचा गॅस डिटेक्टर असतोच, असायलाच हवा. त्याला नळी लावून ढिगाच्या गाभ्यातली हवा ओढून बघा. ऑक्सिजन ५ टक्क्यांच्या खाली असेल तर गाभा कोंडलेला आहे. फक्त ढिगातली वाफ थेट सेन्सरवर जाऊ देऊ नका. मध्ये रिकामी बाटली जोडून वाफ थंड होऊ द्या, नाहीतर महागडा सेन्सर जाईल. याच यंत्रावरचा ज्वलनशील वायूचा आकडा मात्र गाभ्यात विश्वासाचा नसतो. बहुतेक यंत्रांतला तो सेन्सर ऑक्सिजनवर चालतो, आणि तिथं ऑक्सिजनच नसतो.

मिसळणीचा हिशेब: ओल जमली म्हणजे सगळं जमलं असं नाही

इथं जरा थांबतो, कारण तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथंच सापडतं.

समजा १० टन केक आला, त्यात ८० टक्के पाणी. म्हणजे कोरडा माल फक्त २ टन. त्या कोरड्या मालात कार्बन अंदाजे ३५ टक्के आणि नत्र ५ टक्के धरलं तर कार्बन-नत्र गुणोत्तर ७ येतं. ढिगाला सुरुवातीला २५ ते ३० लागतं आणि ओल ५० ते ६० टक्के. बहुतेक जण ओलीचा हिशेब करतात. ४ टन सुकी पऱ्हाटी टाकली की ओल बरोबर ६० टक्क्यांवर येते, मूठ दाबली तर पाणी ठिबकत नाही, सगळे म्हणतात झालं. पण गुणोत्तर काढून बघा. पऱ्हाटीत ४५ टक्के कार्बन आणि पन्नास भाग कार्बनला एक भाग नत्र धरलं तर मिश्रण १७-१८ वरच अडकतं. उरलेलं नत्र कुठं जाणार? अमोनिया होऊन तुमच्या डोळ्यांत.

पऱ्हाटी ६ टन केली तर ओल ५४ टक्के आणि गुणोत्तर २१ च्या आसपास येतं. २५ गाठायला जवळपास ९ टन लागते, पण मग ढीग कोरडा पडू लागतो आणि वरून पाणी मारावं लागतं. उन्हाळ्यात, टँकरच्या दिवसांत, पाणी कुठून आणणार? (प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरा, पण ते सुरुवातीच्या दिवसांतच. रोगजंतू मारणारा ५५ अंशांचा टप्पा संपल्यावर ते मारलं तर रोगजंतू परत येतात.) म्हणून मी ६ टनांवर थांबतो आणि २१ ते २५ मधली तूट कोळशावर सोडतो. कोळशाचं खरं काम या फटीत आहे. तो अमोनियमला (अमोनियाच्या पाण्यात विरघळलेल्या रूपाला) आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतो आणि जंतूंना नत्र सावकाश मिळू देतो.

आता सगळ्यात घोटाळ्याची गोष्ट. कोळशातला कार्बन या गुणोत्तरात धरायचा नाही. जंतूंना तो खाता येत नाही, म्हणून तर तो शेकडो वर्षं मातीत टिकतो. पण प्रयोगशाळेत नमुना जाळून कार्बन काढला तर कोळशाचाही कार्बन मोजला जातो. अहवालावर २५ छापून येतं, ढीग मात्र २१ च्या ढिगासारखा वागतो. गाळ आणि काडीचं गुणोत्तर कोळसा मिसळण्याआधी काढा, कोळसा नंतर धरा.

या १६ टनांच्या ढिगात नत्र दीडशे किलोच्या आसपास असतं. त्यातलं ३० टक्के उडालं तरी ४५ किलो नत्र गेलं, म्हणजे युरियाच्या ४५ किलोच्या दोन गोण्यांहून जास्त. शेतकऱ्याला हरितगृह वायूंचं गणित नसेल पटत, पण हे लगेच पटतं.

काडी कुठली? पऱ्हाटी आणि तुराट्या उत्तम, दोन्ही कडक असतात आणि ढीग बसू देत नाहीत. श्रेडरमधून बोटाच्या पेराएवढे, दोन ते पाच सेंटिमीटरचे तुकडे काढा. अगदी भुगा करू नका. सोयाबीनची गुळी (मळणीनंतरचं भुसकट) ओल छान पिते, पण नुसत्या गुळीचा ढीग आठवड्यात बसतो आणि गाभा कोंडतो, म्हणून ती पऱ्हाटीबरोबर मिसळूनच वापरावी. साखर कारखान्याजवळ असाल तर बगॅसचंही तेच. कडब्याला हात लावू नका, त्याच्यावर जनावरांचा हक्क आहे आणि चारा-टंचाईच्या वर्षात कुणी ऐकूनही घेणार नाही. पऱ्हाटी उचलण्याचा आणखी एक फायदा आहे. बांधावर रचून ठेवलेल्या पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते, त्यामुळे कृषी खातं दरवर्षी ती शेतातून हलवा म्हणून सांगतच असतं. तीच काडी श्रेडरला आणि कोळशाच्या भट्टीला दोन्हीकडे चालते.

कोळसा कोणता, किती आणि कधी

प्रमाण कोरड्या मालाच्या ५ ते १० टक्के. वरच्या हिशेबात कोरडा माल सात-साडेसात टन आहे, म्हणजे कोळसा साधारण ३७० ते ७४० किलो. चार गोण्या म्हणजे शंभर-सव्वाशे किलो, दोन टक्केसुद्धा नाही. एवढ्यानं काही दिसलं नाही म्हणून बायोचार निकामी ठरवणं बरोबर नाही.

उलट्या बाजूला, जास्त टाकलं की जास्त फायदा असंही नसतं. २० टक्क्यांवर ढीग तापायला कुरकुरतो, कारण कुजण्याजोगा माल विरळ होतो आणि ऊब निसटते. त्याहून व्यवहाराची अडचण वेगळीच आहे. खत नियंत्रण आदेश, १९८५ मधल्या सिटी कंपोस्टच्या (शहरी कचऱ्याच्या खताच्या) निकषांत तयार खताचं कार्बन-नत्र गुणोत्तर २० पेक्षा कमी हवं. कोळशाचा कार्बन कुजत नाही, तो शेवटपर्यंत तसाच राहतो आणि तपासणीत मोजला जातो. वरच्या ढिगात १० टक्के कोळसा असेल तर तयार खत अंदाजे १७-१८ वर सुटतं. २० टक्के टाकला तर २० च्या वर जाऊन, खत चांगलं असूनही, कागदावर नापास होतं. म्हणून मी १० ची रेघ ओलांडत नाही, आणि नवीन माणसाला ६-७ पासून सुरू करायला सांगतो.

कधी टाकायचा, याचं उत्तर पहिल्या दिवशी, केक आणि काडी मिसळतानाच. आधी काडी आणि ओला कोळसा एकत्र करा, मग त्यात केक घाला. असं केलं की गोळ्यांवर काडी-कोळशाचा लेप बसतो आणि ते पुन्हा एकमेकांना चिकटत नाहीत. उलट क्रमानं, म्हणजे केकवर कोळसा ओतून, मिसळून बघा. गोळे काळे होतील, फुटणार नाहीत. वास आल्यावर वरून भुरभुरलेला कोळसा फक्त पृष्ठभागावरचा अमोनिया धरतो, तोही पुढच्या पलटीपर्यंत. वास परत येतो तो यामुळे.

कोळसा कोरडा टाकू नका. कोरडा कोळसा आपल्या वजनाइतकं पाणी सहज पितो, ते ढिगातूनच घेतो. शिवाय धूळ उडते ती फुप्फुसात जाते आणि कोरड्या भुकटीला आग लागते ती वेगळीच. ठिबकणं थांबेपर्यंत भिजवून घ्या. मात्र शेणकाल्यात किंवा जीवामृतात भिजवू नका. शेतात टाकायच्या कोळशाला ती पद्धत चांगली आहे, पण इथं आपल्याला कोळशाची रिकामी जागा हवी आहे. ती आधीच शेणाच्या नत्रानं भरून टाकली तर गाळाचा अमोनिया बसणार कुठं?

आकार ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढा. भुकटी ढिगातल्या पोकळ्या बुजवते आणि नेमकं नको तेच करते.

आता पीएच. हा मुद्दा सगळीकडे निसटतो. काडीच्या ताज्या कोळशाचा पीएच ९ ते १० असू शकतो, त्यात राख असेल तर आणखी. ५५ अंशांवर आणि साडेआठच्या पीएचला अमोनियमपैकी जवळपास निम्मा अमोनिया वायू होऊन बसलेला असतो. म्हणजे राखेनं भरलेला कोळसा टाकला तर तोच अमोनिया हाकलून लावतो, आणि लोक म्हणतात कोळशानं वास वाढवला. वाढवलेलाच असतो! भट्टी पाण्यानं विझवा, राखेचं पाणी वाहून जाऊ द्या, कोळसा निथळू द्या. प्रकल्पात गाळाला चुना मारत असतील तर तेही विचारून घ्या. चुना मारलेल्या गाळात कोळशाची कितीही चांगली पिशवी ओतली तरी पहिला आठवडा झोंबणारच. तिथं काडी वाढवणं आणि ढीग झाकणं एवढंच हातात असतं.

बरा कोळसा ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. एक तुकडा बोटांत चोळा आणि हात साध्या पाण्यानं धुवा. काळं निघून गेलं तर ठीक. तेलकट राहिलं, साबण लागला, तर आत डांबर आहे, म्हणजे कमी तापमानावर अर्धवट जळलेला. फोडल्यावर आत तपकिरी लाकूड दिसलं तर तो कोळसाच नाही. पांढरी पूड जास्त असेल तर ती राख. साधारण ४०० ते ६०० अंशांवर नीट झालेला तुकडा हलका असतो आणि फरशीवर टाकला तर खणखणतो.

आणि भट्टीचा धूर. हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. मातीनं लिंपलेला ढीग दिवसभर धुमसवून कोळसा काढणारे लोक अजून आहेत. त्या पिवळट धुराबरोबर मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइडही सुटतात. कंपोस्टमध्ये वाचवलेला मिथेन भट्टीतून सोडायचा असेल तर हा सगळा खटाटोप कशाला? वरून पेटवायची, ज्वाळेच्या पडद्याखाली चालणारी खड्ड्याची किंवा शंकूची भट्टी वापरा आणि काडी थोडी थोडी टाकत जा. धूर दिसला की काडी ओली आहे किंवा एकदम जास्त पडली आहे असं समजा. सुक्या पऱ्हाटीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतका कोळसा हाती येतो, तेव्हा ५०० किलोसाठी दोन ते अडीच टन काडी धरून ठेवा. विझवलेला कोळसा एक दिवस उघड्यावर ठेवून, मध्ये हात घालून बघून मगच गोण्या भरा. आतून धुगधुगणारा कोळसा शेडमध्ये ठेवला तर रात्री पेटतो.

पलटीचं वेळापत्रक उलटं झालेलं असतं

बहुतेक यार्डवर सुरुवातीला वासाला घाबरून पलटी टाळतात आणि वास गेल्यावर, आता बिनघोर म्हणून, आठवड्याला दोनदा मारतात. व्हायला हवं नेमकं उलट.

पहिल्या टप्प्यात ढीग ५५ ते ६५ अंशांवर असतो. अमेरिकेच्या गाळविषयक ५०३ नियमात उघड्या राशींसाठी जंतूंच्या दृष्टीनं अट अशी आहे: ५५ अंश किंवा जास्त, १५ दिवस, आणि त्या काळात ५ पलट्या. त्यामागं कारण आहे. बाहेरचा गार थर आत गेल्याशिवाय त्यातले जंतू आणि जंतांची अंडी मरत नाहीत. मिथेनच्या दृष्टीनंही याच काळात पलटी हवी, कारण ऑक्सिजनची भूक याच वेळी सगळ्यात मोठी असते. अमोनिया या पलट्यांना उडणारच, पण पहिल्या दिवशी नीट मिसळलेला कोळसा त्यातला बराच भाग धरून ठेवतो. पलटीनंतर लगेच ढिगावर चार बोटं जाड, तयार खत आणि कोळशाचा थर द्या. वर येणारा अमोनिया त्यात अडतो आणि मिथेन खाणारे जंतू तयार खतात राहतात, ते आपलं काम करतात. ताडपत्रीपेक्षा मला हा थर बरा वाटतो. ताडपत्रीनं वास अडतो, पण हवाही अडते.

ढीग ४५ अंशांखाली उतरला की चित्र बदलतं. अमोनियमचं नायट्रेट करणारे जंतू उष्णतेत दबलेले असतात, ते आता जागे होतात. नायट्रेट बाहेरच्या, हवेशीर थरात तयार होतं. तुम्ही पलटी मारता आणि ते नायट्रेट आतल्या दमट, कमी हवेच्या भागात जाऊन पडतं. तिथले जंतू ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरतात आणि त्या साखळीत शेवटून दुसरा वायू असतो नायट्रस ऑक्साइड. साखळी पूर्ण झाली तर साधा नायट्रोजन सुटतो, कुणाचं काही बिघडत नाही. अर्धवट राहिली तर २७३ पट भारी वायू हवेत जातो. कोळशाचा दुसरा, कमी बोलला जाणारा उपयोग इथं आहे. तो जंतूंमध्ये इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण सोपी करतो, आणि नायट्रस ऑक्साइडचा नायट्रोजन करणाऱ्या जंतूंना त्याच्या आसपास बरं जमतं. पण हा उपयोग कोळसा ढिगात सगळीकडे असेल तरच होतो. शिवाय दर दोन दिवसांनी नायट्रेट आत ढकलत राहिलात तर कोळसा तरी किती पुरणार?

म्हणून तापमान उतरलं की पलटी दहा-बारा दिवसांतून एकदा, तीही हलक्या हातानं. ओल ५० च्या आसपास ठेवा, वरून पाण्याचा फवारा मारून चिखल करू नका. नायट्रेट दाखवणाऱ्या साध्या कागदी पट्ट्या मिळतात. चमचाभर खत डिस्टिल्ड पाण्यात कालवून गाळा आणि पट्टी बुडवा. गुलाबी रंग चढायला लागला की पलटीला हात आवरण्याची वेळ आली. नायट्रस ऑक्साइड प्रत्यक्ष मोजायचा असेल तर ढिगावर झाकण रोवून सिरिंजनं नमुने घ्यावे लागतात आणि ते गॅस क्रोमॅटोग्राफवर तपासावे लागतात. कुणा एमटेकच्या विद्यार्थ्याला प्रकल्प हवा असेल तर त्याला यार्डवर बोलवा. रोजच्या कामाला पट्टी आणि सळई पुरे.

सळई म्हणजे बांधकामाची, पाच फूट. ढिगात गाभ्यापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढा. हाताला धरवत नसेल तर गाभा चांगला तापलाय. कोमट आणि टोकाला काळा चिखल चिकटलेला असेल तर गाभा कोंडलाय. तरी ५५ अंशांच्या नोंदीसाठी लांब दांड्याचा थर्मामीटर लागतोच, सळईचा अंदाज वहीत लिहून चालत नाही.

जेसीबीवाल्याशी एकदा बोलून घ्या. पलटी झाल्यावर बकेटनं ढीग वरून थापटून "देखणा" करायची सवय जवळजवळ सगळ्यांना असते. त्या चार थापांत तुमच्या पऱ्हाटीनं केलेली पोकळी जाते. उंची पाच फुटांवर नको, आणि बकेट माल उचलून वरून सोडणार, ढकलणार नाही, एवढं ठरवून घ्या.

इतकं करूनही बिनसलं तर

ढीग तापतच नसेल तर आधी ओल बघा. एप्रिल-मेमध्ये बाहेरचा थर दोन दिवसांत वाळतो आणि माल कोरडा झाल्यानं जंतू थांबतात. लोक त्याला "खत झालं" समजतात. पाणी घालून पलटी मारली आणि ढीग पुन्हा तापला, तर ते झालेलं नव्हतं. पावसाळ्यात उलट. आपल्याकडे पाऊस महिनाभर दडी मारतो आणि मग एका रात्रीत कोसळतो. शेड नसेल तर ढिगाच्या दोन्ही बाजूंना नाली आणि पावसापुरती ताडपत्री हवी, पाऊस उघडल्याबरोबर ती काढायची. ढिगातून निघणारं काळं पाणी नाल्यात सोडू नका, प्रकल्पाच्या इनलेटला परत न्या.

जड धातूंसाठी कोळशावर भरवसा ठेवू नका. तो तांबं, जस्त, शिसं यांना काही प्रमाणात बांधून ठेवतो, पिकाला कमी लागू देतो, पण ते नाहीसे करत नाही. उलट माल कुजून घटतो तसे धातूंचे आकडे चढतात. सिटी कंपोस्टच्या निकषांत जस्त १०००, तांबं ३००, शिसं १००, क्रोमियम ५०, निकेल ५० आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅम प्रति किलो अशा मर्यादा आहेत. ज्या गावाच्या गटारात प्लेटिंग, रोलिंग किंवा कातड्याच्या उद्योगांचं पाणी मिसळतं, तिथं ढीग लावण्याआधीच गाळ तपासून घ्या. आकडे आधीच जास्त असतील तर कोळसा आणि पऱ्हाटी खर्च करण्यात अर्थ नाही, तो गाळ वेगळ्या वाटेनं जायला हवा.

खत तयार झालं की चाळा. चाळणीवर राहिलेली भरड पऱ्हाटी आणि कोळशाचे खडे फेकू नका, पुढच्या ढिगात परत घाला. त्यांच्यावर जंतू बसलेले असतात, ढीग लवकर तापतो आणि नवा कोळसा तेवढा कमी लागतो. फक्त परत घालण्याआधी त्यातून गाळाचे न फुटलेले गोळे निवडून काढा. मुठीएवढे गोळे अजूनही निघत असतील, तर पुढच्या ढिगाला मिसळणीच्या दिवशी एक माणूस जास्त लावा.